विद्युत क्षेत्र समजून घेताना: आधी जागा, मग चार्ज

"काकू, त्या जागी दुसरा चार्ज ठेवलेलाच नाही. मग तिथे आहे तरी काय?"

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी बारावीची मुलं भौतिकशास्त्र शिकायला बसतात. दर वर्षी पहिल्याच प्रकरणात कुणीतरी हा प्रश्न विचारतं आणि मला मनापासून आनंद होतो. ज्याला हा प्रश्न पडला, त्याला विद्युत क्षेत्र कळायला लागलं. बाकीची मुलं सूत्र पाठ करतात, आकडे टाकतात, उत्तरही काढतात, पण दोन चार्ज एकदम आले की अडतात. या प्रश्नाचं उत्तर पायरीपायरीने कसं शोधायचं, ते इथे लिहिते आहे. वही, पेन्सिल, पट्टी आणि एक प्लास्टिकचा कंगवा जवळ असू द्या.

आधी शब्दांचं बघू, कारण इंदूरच्या मराठी घरांत इथेच पहिली ठेच लागते. हिंदी माध्यमाच्या पुस्तकात 'आवेश' असतो. घरी आपण आवेश म्हणतो तो जोशाला, त्वेषाला. आजोबा आवेशाने बोलतात. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत त्यालाच 'प्रभार' म्हणतात, आणि इंग्रजी माध्यमातली मुलं 'चार्ज'. तिन्ही एकच. मी चार्ज म्हणेन, कारण वर्गात सगळे तेच म्हणतात. पण खरा घोटाळा 'क्षेत्र' या शब्दाने होतो. क्षेत्र म्हटलं की क्षेत्रफळ आठवतं, शेत आठवतं, कुंपण घातलेला भूभाग डोळ्यांपुढे येतो. त्यात गाइडमधली व्याख्या भर घालते: 'चार्जभोवतीचा ज्या भागात बल जाणवतं तो भाग म्हणजे विद्युत क्षेत्र.' ही व्याख्या घोकू नका, असं मी मुलांना स्पष्ट सांगते. विद्युत क्षेत्र हा भाग नाही, आणि त्याला कुंपणही नाही. एका चार्जचं क्षेत्र कितीही दूर गेलं तरी कमी कमी होत जातं, कुठल्या एका रेषेपाशी संपत नाही. मग क्षेत्र म्हणजे काय? प्रत्येक बिंदूपाशी असलेली एक राशी. तिला आकडा असतो आणि दिशाही असते.

पायरी पहिली: हाताने बघा

कोरड्या दिवशी कोरड्या केसांतून कंगवा दहा-बारा वेळा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांवर धरा. कपटे उडी मारून चिकटतात. डिसेंबर-जानेवारीत हा प्रयोग हमखास होतो, मेच्या कोरड्या उन्हातही होतो. श्रावणात मात्र करू नका. दमट हवेत कंगव्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि त्यातून चार्ज निसटून जातो.

आता नीट बघा. कंगवा कपट्यांना टेकायच्या आधीच ते उठतात. दोघांमध्ये हवा आहे, दोरा नाही, काडी नाही. आणखी गंमत म्हणजे कपट्यांवर मुळात चार्जच नाही, ते उदासीन आहेत. तरी ते खेचले का जातात? कंगवा जवळ आला की कपट्याच्या प्रत्येक रेणूतले धन आणि ऋण चार्ज एकमेकांपासून किंचित सरकतात. कंगव्याकडच्या बाजूला विरुद्ध चार्ज येतो, पलीकडच्या बाजूला सजातीय. जवळच्या बाजूवर ओढ, लांबच्या बाजूवर ढकल. कंगव्याचं क्षेत्र जवळ जास्त आणि लांब कमी असल्यामुळे ओढ जिंकते. हे क्षेत्र सगळीकडे अगदी सारखं असतं, तर ओढ आणि ढकल बरोबरीत सुटली असती आणि कपटा जागचा हलला नसता. एवढ्याशा कागदाच्या उडीत हे सगळं दडलेलं आहे. म्हणून मी हा प्रयोग लहान मुलांचा मानत नाही, बारावीतही करून घेते.

मग बोटभर लांबीचा सुती दोरा एका काडीच्या टोकाला बांधून कंगव्याभोवती फिरवा. दोरा वळतो, कंगव्याच्या दिशेने ताठ होऊ बघतो. काडी हलवाल तसा तो दर ठिकाणी वेगळा कलतो. जागा बदलली की दिशा बदलते, हे डोळ्यांनी दिसतं.

पायरी दुसरी: प्रश्न बिंदूला विचारा

इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आठवा. राजवाड्यासमोरच्या त्या गर्दीत एका कोपऱ्यावर उभं राहिलं तर कृष्णपुऱ्याच्या बाजूला रेटले जाल, दहा पावलांवर उभं राहिलं तर सराफ्याकडे. रेटा किती आणि कुठे, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. तुम्ही त्या दिवशी घरीच बसलात, तरी त्या कोपऱ्यावरचा रेटा तिथे असतोच. विद्युत क्षेत्राबद्दल सुरुवातीला एवढंच मनात धरा: ते जागेचं आहे. ही उपमा पुढे फार ताणू नका, कारण गर्दी अंगाला अंग लावून ढकलते आणि चार्ज तसं करत नाही.

आता व्याख्या. एखाद्या बिंदूपाशी अगदी लहान धन चार्ज (याला परीक्षण चार्ज म्हणतात) ठेवला तर त्याच्यावर जे बल येईल, त्याला त्या चार्जने भागा.

क्षेत्र = बल ÷ परीक्षण चार्ज

एकक न्यूटन प्रति कूलॉम; न्यूटन बलाचं एकक, कूलॉम चार्जचं. दिशा धन चार्जवरच्या बलाची. भागाकार कशासाठी? चार्ज दुप्पट केला की बलही दुप्पट होतं. भागून टाकलं की ठेवलेल्या चार्जचा हिशेब निघून जातो आणि उरतं ते फक्त जागेचं. 'चार्ज ठेवला नाही तर तिथे काय आहे' याचं उत्तर या भागाकारात आहे. आणि परीक्षण चार्ज लहान का, तर मोठा ठेवला तर तो आजूबाजूच्या चार्जनाच हलवेल आणि आपण मोजायला गेलो तेच बदलून जाईल. वाटीभर गरम पाण्यात भला मोठा थंड थर्मामीटर बुडवला तर तापमान कसं खरं कळणार?

उलट जाताना गुणाकार: त्या जागी कुठलाही चार्ज ठेवा, बल = चार्ज × क्षेत्र. ऋण चार्ज असेल तर बल क्षेत्राच्या उलट दिशेने. त्यामुळे जागेवरची दिशा बदलत नाही, फक्त त्या चार्जवरचं बल उलटतं. या एका वाक्याशी माझी निम्मी मुलं दोन आठवडे झटापट करतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त त्याच्यावरून घाईने पुढे जाऊ नका.

पायरी तिसरी: आकडा काढा

चार्ल्स कूलॉम या फ्रेंच अभियंत्याने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने, म्हणजे तारेला किती पीळ पडतो ते बघून, चार्जमधलं बल मोजलं. अंतर दुप्पट केलं की बल चौथाई होतं. त्यावरून एका बिंदू-चार्जचं क्षेत्र असं मिळतं: ९ अब्ज गुणिले चार्ज, भागिले अंतराचा वर्ग. चार्ज कूलॉममध्ये, अंतर मीटरमध्ये.

एक उदाहरण हाताने करा. चार्ज १० नॅनोकूलॉम, म्हणजे कूलॉमचे १० अब्जांश. ९ अब्ज गुणिले १० अब्जांश म्हणजे ९०. आता अंतर १० सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मीटर, वर्ग ०.०१. उत्तर ९,००० न्यूटन प्रति कूलॉम. २० सेंटिमीटरवर २,२५०. ३० सेंटिमीटरवर १,०००. हे तीन आकडे वहीच्या कडेला लिहून ठेवा, पुढे लागतील.

आता १० सेंटिमीटरच्या जागी २ नॅनोकूलॉमचा चार्ज ठेवला, तर बल ९,००० गुणिले २ अब्जांश, म्हणजे न्यूटनचे १८ दशलक्षांश. लक्षात घ्या, क्षेत्र काढताना हा २ कुठेही आला नव्हता. क्षेत्राच्या सूत्रात एकच चार्ज असतो, जो क्षेत्र निर्माण करतो तो. जो क्षेत्र सोसतो, तो नंतर येतो. उत्तरपत्रिकेत मुलं दोन्ही चार्ज एकदम घालतात आणि बलालाच क्षेत्र म्हणतात. ती चूक टाळायची तर गणित सुरू करण्याआधी तीन ओळी लिहा: बिंदू कोणता, क्षेत्र कुणाचं, सोसणारा कोण. तिसरी ओळ पुष्कळदा रिकामीच राहील, आणि तेच बरोबर असेल. आणखी एक: कुठलाही चार्ज स्वतःच्या क्षेत्राचं बल सोसत नाही. त्याच्यावरचं बल काढताना बाकीच्यांचं क्षेत्र घ्यायचं.

पायरी चौथी: बेरीज दिशेसकट

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, तुम्हीही द्या.

दोन चार्ज घ्या, दोन्ही अधिक १० नॅनोकूलॉम, मध्ये २० सेंटिमीटर अंतर. बरोबर मध्यावर क्षेत्र किती? डावीकडच्याचं ९,००० उजवीकडे, उजवीकडच्याचं ९,००० डावीकडे. एकूण शून्य. आता उजवीकडचा ऋण करा. घाईत मुलं म्हणतात, 'एक अधिक, एक उणे, उत्तर शून्य.' पण मध्यावर धन परीक्षण चार्ज ठेवून बघा: डावा त्याला उजवीकडे ढकलतो, उजवा त्याला उजवीकडेच ओढतो. उत्तर १८,००० उजवीकडे. म्हणून बाण काढल्याशिवाय चिन्हं घालायची नाहीत. सूत्रात चार्जचा नुसता आकडा घाला आणि दिशा चित्रावरून ठरवा. हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते.

थोडं अवघड बघू. अधिक ४० आणि अधिक १० नॅनोकूलॉम, मध्ये ३० सेंटिमीटर. क्षेत्र शून्य कुठे? दोघांच्या मध्येच कुठेतरी, लहान चार्जच्या जवळ, कारण तिथेच धाकट्याचं क्षेत्र थोरल्याच्या बरोबरीला येईल. मोठ्यापासून २० सेंटिमीटरवर: ३६० भागिले ०.०४, म्हणजे ९,०००. लहानापासून १० सेंटिमीटरवर: ९,०००. जमलं.

आता त्या १० चा उणे १० करा. मध्ये शोधून सापडणार नाही, कारण तिथे दोन्ही बाण एकाच बाजूला आहेत. मोठ्याच्या पलीकडेही नाही, कारण तिथे मोठा जवळही आहे आणि जबरही. उरली लहानाच्या पलीकडची बाजू. तिथे ३० सेंटिमीटर पुढे गेलं की मोठ्यापासून अंतर ६० होतं: ३६० भागिले ०.३६ म्हणजे १,०००, आणि लहानाचंही १,०००, उलट दिशेने. शून्य. हे गणित बीजगणिताने सोडवता येतंच, पण आधी 'कुठल्या बाजूला असू शकतं' हे बोलून ठरवायची सवय लावा. वर्गसमीकरणाची दोन उत्तरं निघाली की त्यातलं कुठलं टाकायचं, ते याच बोलण्यातून कळतं.

बिंदू रेषेबाहेर असेल तर प्रत्येक बाणाचे आडवा आणि उभा असे दोन भाग करा, आडवे आडव्यांत मिळवा, उभे उभ्यांत. त्यात नवीन भौतिकशास्त्र काही नाही, फक्त नीट लिहायचं.

पायरी पाचवी: रेषा काढा, पण त्यांना रस्ता समजू नका

मायकल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाचं गणिताचं शिक्षण फारसं झालं नव्हतं. चुंबकाभोवती पसरलेल्या लोखंडाच्या किसाकडे बघून त्याने बलरेषांची कल्पना मांडली. नियम थोडे आहेत. रेषा धनातून निघते, ऋणावर संपते किंवा दूर निघून जाते. दाट रेषा तिथे क्षेत्र जास्त, विरळ तिथे कमी. बिंदूवरच्या क्षेत्राची दिशा म्हणजे रेषेची तिथली स्पर्शिका. दोन रेषा एकमेकींना छेदत नाहीत, कारण छेदल्या तर एकाच बिंदूला दोन दिशा होतील. आणि दोन रेषांच्या मधली कोरी जागा म्हणजे क्षेत्र नसलेली जागा नव्हे. रेषा आपण काही निवडक काढतो, क्षेत्र सगळीकडे असतं.

सगळ्यांची एक चूक ठरलेली: 'चार्ज त्या रेषेवरून जाईल.' तसं नाही. रेषा बलाची दिशा सांगते, प्रवासाची नाही. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर डिसेंबर २०११ मध्ये सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ धावा केल्या होत्या. त्याचे उंच फटके आठवा. मैदानभर गुरुत्वाच्या रेषा सरळ उभ्या, खाली जाणाऱ्या. चेंडू मात्र कमान करून सीमेपार. बल खाली होतं, वेग दुसरीकडे. चार्जचंही तसंच. स्थिर सोडला आणि रेषा सरळ असली, तरच तो रेषेवरून जातो.

पायरी सहावी: धातूच्या आत

स्टीलच्या जाळीची पिठाची चाळणी कागदाच्या कपट्यांवर पालथी घाला, एका हाताने चाळणीला स्पर्श करून ठेवा आणि घासलेला कंगवा वरून आणा. कपटे हलत नाहीत. चाळणी काढा, उडतात. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. बाहेरून क्षेत्र आलं की ते सरकतात, आणि आतलं क्षेत्र शून्य होईपर्यंत सरकत राहतात. थोडंही उरलं असतं तर ते थांबलेच नसते. फॅरडेने १८३६ मध्ये यासाठी खोलीएवढा पिंजरा उभारला होता. विजा चमकत असताना धातूच्या टपाची बंद गाडी सुरक्षित असते ती याच कारणाने. रबराच्या टायरांमुळे नव्हे.

पायरी सातवी: न्यूटन प्रति कूलॉममधून व्होल्टकडे

न्यूटन प्रति कूलॉम आणि व्होल्ट प्रति मीटर हे एकच एकक आहे. क्षेत्राला अंतराने गुणलं की दर कूलॉममागे होणारं कार्य मिळतं, आणि त्यालाच व्होल्ट म्हणतात. हे कळलं की आजूबाजूच्या गोष्टी मोजता येतात.

मीटरमागे साधारण ३० लाख व्होल्ट झाले की कोरडी हवा तग धरत नाही, ठिणगी पडते. म्हणजे मिलिमीटरला ३,०००. थंडीत लोकरीची शाल काढून दाराच्या कडीला हात लावताना चट्ट करून मिलिमीटरभर ठिणगी पडली, तर तुमच्या अंगावर सुमारे ३,००० व्होल्ट होते. तरी काही होत नाही, कारण चार्ज फार थोडा असतो, कूलॉमच्या दशलक्षांशाहूनही कमी. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगशी मात्र कधीही खेळू नका. तिथे प्रवाह वाहतच राहतो, आणि तोच जीव घेतो.

निरभ्र दिवशी उघड्या माळावर जमिनीलगत खाली रोखलेलं सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटरचं क्षेत्र असतं, कारण पृथ्वीच्या पृष्ठभागावर ऋण चार्ज आहे. मग दीड मीटर उंचीच्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत १५० व्होल्टचा झटका का बसत नाही? उत्तर सहाव्या पायरीत आहे: आपलं शरीर विजेचं वाहक आहे, त्यामुळे पायापासून डोक्यापर्यंत ते जमिनीच्याच पातळीला येतं आणि क्षेत्राच्या रेषा आपल्याभोवती वळतात. पावसाळ्यात गडगडणारा ढग डोक्यावर आला की तेच क्षेत्र हजारो व्होल्ट प्रति मीटर होतं. माळव्याच्या मोकळ्या रानात असताना अंगावरचे केस उभे राहू लागले, तर विचार करत बसू नका, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत लगेच शिरा.

मग ते खरंच असतं का?

पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. क्षेत्र ही फक्त हिशेबाची सोय आहे का? स्थिर चार्जपुरतं बोलायचं तर कूलॉमच्या नियमानेही भागतं. पण इथला चार्ज एकदम हलवला तर दूरच्या चार्जला ते लगेच कळत नाही. बदल क्षेत्रातून प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किलोमीटर या गतीने जातो. मधल्या काळात इथल्या चार्जने दिलेली ऊर्जा ना इथे असते, ना तिथे. ती क्षेत्रात असते. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात हे समीकरणांतून मांडलं आणि पुढे हर्ट्झ या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत क्षेत्राच्या अशा पसरत जाणाऱ्या लहरी निर्माण करून दाखवल्या. तुमच्या मोबाइलवर येणारा कॉल म्हणजे मनोऱ्यातल्या इलेक्ट्रॉनांनी हलवलेलं आणि तुमच्यापर्यंत चालत आलेलं क्षेत्रच.

आणि इंदूरच्या मुलांना याहून जवळचा पुरावा गावातच आहे. आपण सगळे ज्याला अजून 'कॅट' म्हणतो, त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं वर्तुळाकार यंत्र आहे, परीघ सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेतात (एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्टमधून मिळणारी ऊर्जा). हवेला पेलणाऱ्या ३० लाख व्होल्ट प्रति मीटरच्या क्षेत्रात ही ऊर्जा सरळ एका दमात द्यायची म्हटली तर ८०० मीटरहून लांब वाट लागली असती. म्हणून तिथे निर्वात नळीत इलेक्ट्रॉन गोल गोल फिरवतात आणि दर फेरीला थोडं थोडं ढकलतात. वळवण्याचं काम चुंबकाचं. ऊर्जा देण्याचं काम विद्युत क्षेत्राचं, कारण चुंबकीय बल वेगाला नेहमी काटकोनात असतं आणि त्यामुळे कार्य करत नाही. वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतात, ऊर्जा गमावतात, आणि पुढच्या फेरीत क्षेत्र ती भरून देतं.

चौथ्या पायरीतली चारही उदाहरणं उत्तर झाकून पुन्हा सोडवा. ती बाण काढून, न अडखळता आली की क्षेत्र काढायची पुढची रीत, म्हणजे गाउसचा नियम, उघडा, त्याआधी नको.